लाकडी नाव, बिनतारी सुकाणू



कामगार चळवळीतील माणूस व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर उभा राहिला की तो बोनस, महागाई आणि संप यांवर बोलणार, असे धरूनच श्रोते येतात. आज मी बोलणार आहे ते एका लहानशा लाकडी नावेविषयी. मात्र तिचे मूळ चळवळीतच आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका कारखान्यातील सुतारांना ‘कुशल’ श्रेणी मिळावी म्हणून आम्ही दावा लावला होता. साक्षीला मी उभा होतो. प्रतिपक्षाच्या वकिलांनी विचारले, “करवत यंत्राची, रंधा यंत्राचा, मग सुताराला स्वतःला असे काय येते, ते सांगा.” वेतनकरारांची कलमे मला तोंडपाठ होती, पण या प्रश्नावर मी गप्प राहिलो. दावा गेला. वाचनालयात बसून जे शिकता येते ते मी शिकलो होतो; हातांनी शिकायचे राहून गेले होते. तेव्हा एखादी वस्तू मुळापासून स्वतः करून पाहावी असे ठरविले. संघटनेतील एक निवृत्त सुतार, ज्यांना आम्ही सारे मिस्त्री म्हणतो, ते गुरू म्हणून लाभले. वस्तू ठरली ती मच्छीमारी नावेची प्रतिकृती, काठावरून बिनतारी चालणारी.

ही कल्पना नवी नाही. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्ला यांनी हौदातील नाव तारेवाचून दुरून चालवून दाखविली, आणि त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला त्यांना अमेरिकेचे पेटंट मिळाले. आज तसली साधने बाजारात सहज मिळतात. नाव मात्र आपल्यालाच बांधावी लागते.

पहिला प्रश्न लाकडाचा नव्हे, वजनाचा. आमची मूळ नाव १५ मीटर लांबीची धरली होती. तिच्या विसाव्या हिश्शाने प्रतिकृती ७५ सेंटीमीटर झाली. रुंदी २२ आणि पाण्याखालील खोली ७. हा सरळ ठोकळा असता तर ११,५५० घनसेंटीमीटर भरला असता. पण नाव दोन्ही टोकांना निमुळती होते, म्हणून त्याचे सुमारे ६० टक्के धरायचे. म्हणजे ६,९३० घनसेंटीमीटर. आर्किमिडीजच्या नियमाने तेवढ्या पाण्याचे वजन, सुमारे ६.९ किलो, हेच सगळ्या नावेचे वजन. लाकूड, मोटर, बॅटरी आणि शिसे मिळून ते जुळले की नाव आखलेल्या रेषेवर तरंगते.

वेगाचेही गणित आहे. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने १८७२ च्या सुमारास टॉर्की येथे लांब हौद बांधून त्यात मेणाच्या नावा ओढून पाहिल्या. त्याच्या नियमाप्रमाणे वेग लांबीच्या वर्गमुळाने कमी होतो. विसाचे वर्गमूळ सुमारे साडेचार. खरी नाव ताशी १५ किलोमीटर जात असेल तर प्रतिकृतीने ताशी सव्वातीन ते साडेतीनच जावे. काठावरून आपण सावकाश चालत तिच्यासोबत राहू शकतो. खेळण्यातल्या नावा सुसाट पळतात, आणि म्हणूनच खोट्या वाटतात.

आता बांधणी. नावेचे आडवे छेद पूर्ण मापात कागदावर काढून त्यांवरून चार मिलिमीटर प्लायवूडच्या अकरा फासळ्या कापल्या. त्या सपाट फळीवर उलट्या उभ्या करून त्यांच्या खाचांतून कणा बसविला. त्यावर शिवणीच्या लाकडाच्या, दोन मिलिमीटर जाड आणि आठ रुंद, पट्ट्या जोडत जायच्या. एक डावीकडे लावली की दुसरी उजवीकडे. एकच बाजू आधी पुरी केली तर सांगाडा पिळवटतो.

येथे वकिलांच्या प्रश्नाचे उत्तर दडलेले होते. यंत्राने सर्व पट्ट्या सारख्या कापल्या होत्या. परंतु नावेचा घेर मध्यभागी मोठा आणि नाळेपाशी लहान, म्हणून प्रत्येक पट्टी टोकाकडे निमुळती रंधावी लागते, आणि प्रत्येकीचे माप निराळे. तेवढे कागदाच्या फितीने मोजता येते. नाळेजवळचा बाक मात्र मोजून साधत नाही. पट्टी गरम पाण्यात भिजवून हळूहळू वाकवायची असते. मी अकरा पट्ट्या मोडल्या. मिस्त्रींनी एकही नाही. मी वाकवीत असताना ते पाठमोरे बसून दुसरेच काही करीत असत, आणि मध्येच म्हणत, “भाऊ, थांबा. भिजवा परत.” पट्टी मोडण्याआधी अगदी बारीक कुरकुरते. मला ते ऐकू यायला सहा महिने लागले.

सांगाडा घासून आतबाहेर इपॉक्सीचा लेप दिला, बाहेरून काचतंतूंचे पातळ कापड चढविले. मागे पितळी नळीतून पंख्याचा पोलादी दांडा घातला. हौदात सोडून, तळाशी शिसे सरकवीत, कलती केल्यावर ती चटकन सावरते ना, हेही पाहिले.

सुकाणू सर्व्हो फिरवितो. हातातील दांडी आपण किती कलविली हे ट्रान्समीटर २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवरून कळवितो. त्याप्रमाणे रिसीव्हर सर्व्होला सेकंदाला सुमारे ५० वेळा विजेचा ठोका देतो. ठोका दीड मिलिसेकंद टिकला तर सुकाणू मधोमध. एक टिकला तर एका बाजूस, दोन टिकला तर दुसऱ्या. सर्व्होच्या पोटातील मोटर हुकूम आणि प्रत्यक्ष स्थिती यांतील अंतर मिटेपर्यंत फिरते. या लहरी पाण्यातून जात नाहीत, म्हणून रिसीव्हरची तार जलरेषेच्या वर ठेवावी.

एवढे करून पहिल्याच फेरीत आमची नाव गावच्या तळ्यात बुडाली. मी कमरेइतक्या पाण्यात उतरून ती काढली. मिस्त्री म्हणाले, “लाकडाचं मी सांगीन, नळीच्या कामात मीही नवाच.” दोष सापडला तो आमच्यातल्या एका फिटरला. दांड्याच्या नळीचे आतले तोंड मी जलरेषेखाली ठेवले होते. ते वर घेतले, नळीत ग्रीस भरले, पुढेमागे थर्मोकोलचे तुकडे बसविले. रिसीव्हर मात्र गेला तो गेलाच. ज्यांना ही नाव बांधायची असेल त्यांनी एवढी एक गोष्ट तरी माझ्या खर्चाने शिकावी.

नाव आता तरंगते, वळते, परत येते. त्या दाव्याचा निकाल काही बदलणार नाही. ते सुतारही पांगले. पण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणे साक्षीदाराचे कर्तव्य असते, म्हणून उशिरा का होईना, आपल्यासमोर देतो: लाकूड मोडण्याआधी ते मोडणार हे सुताराला कळते. त्याला कुशल म्हणावे की नाही, हे आपण ठरवावे.