एका सिलिंडरची चौकशी



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण असे विषय ऐकण्याची आपल्याला सवय आहे. त्या पंगतीत मोटारसायकल आणून बसवली, तर काहींना ते चमत्कारिक वाटेल. परंतु ठाण्यात आणि कल्याण-डोंबिवलीत आज किती घरांची चूल या गाडीवर पेटते, हे पाहिले म्हणजे विषय हलका राहत नाही.

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा आरंभ झाला, तो आपल्या वागळे इस्टेटीत. त्या काळचा कामगार पायी, सायकलने नाहीतर लोकलने पाळीवर जाई. पुढे त्यांतले कितीतरी कारखाने बंद झाले आणि त्यांच्या जागी कचेऱ्या उभ्या राहिल्या. त्या कामगारांच्या घरातली मुले आज पाठीला पेटी बांधून घरोघर जेवण आणि सामान पोहोचवतात. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगाराची व्याख्या आली खरी, पण गाडी त्याची, पेट्रोल त्याचे आणि दुरुस्तीही त्याचीच. औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली अशी तरतूद झाली होती की, पन्नास किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात यंत्र मोडल्यामुळे कामगाराला बसवून ठेवले, तर पात्र कामगाराला निम्म्या पगाराइतकी भरपाई द्यावी. या मुलाचे यंत्र म्हणजे त्याची मोटारसायकल. ती सकाळी सुरू झाली नाही तर दिवस बुडतो, आणि भरपाईचा प्रश्नच उद्भवत नाही.

अशा वेळी बहुधा काय होते? गाडी घामाघूम करते, नाक्यावर नेली जाते, आणि कोणीतरी पाहताक्षणीच निकाल देतो, "कार्बुरेटर गेला." नवा कार्बुरेटर बसतो, हजारांच्या हिशेबात पैसे जातात, आणि चार दिवसांनी दुखणे पुन्हा हजर. चोर सोडून संन्याशाला सुळी! माझे आयुष्य कामगारांच्या चौकशा लढवण्यात गेले. तिथला पहिला नियम असा की, आरोप नेमका सांगा, पुरावा तपासा, मग शिक्षा द्या. इंजिनाला हाच नियम लावावा, एवढेच मला आज सांगायचे आहे.

आधी इंजिनाचा संसार समजून घेऊ. बहुतेक मोटारसायकलींना सिलिंडर एकच असतो. १९५५ साली मद्रासेत एन्फिल्ड इंडिया स्थापन झाली आणि आपल्याकडे घरोघरी माहीत झालेली बुलेट तिथे बनू लागली. तिचे ३४६ घनसेंटिमीटरचे इंजिन एकाच सिलिंडरचे होते. १९८५ साली आलेली हिरो होंडाची सीडी १०० हीदेखील एकाच सिलिंडरची. ही दोन्ही इंजिने चार फेऱ्यांची. पिस्टन मिश्रण आत ओढतो, दाबतो, ठिणगीने ते पेटून त्याला खाली ढकलते, आणि शेवटी धूर बाहेर जातो. यासाठी मुख्य दांडा दोन वेळा फिरतो. म्हणजे मिनिटाला हजार फेऱ्यांवर इंजिन मंद चालत असेल, तर मिनिटाला पाचशे स्फोट होतात, सेकंदाला आठाहून थोडे अधिक. मोटारीच्या चार सिलिंडरांत एकाने दांडी मारली तरी बाकीचे तिघे गाडा ओढतात. इथे कमावता माणूस एकटाच. त्याचा एक खाडा झाला की सारे घर हादरते. म्हणून लहानसा दोषही एक सिलिंडरच्या गाडीत लगेच जाणवतो. मूठ सोडल्यावर इंजिनाने आपल्या आपण मंद चालावे, त्याला मेकॅनिक मंडळी 'स्लो' म्हणतात. त्या स्लोवर तर हा दोष फारच जाणवतो, कारण तेव्हा आत जाणारा वायू अगदी थोडा असतो.

इंजिन चालायला तीन गोष्टी लागतात : हवा-पेट्रोलचे योग्य मिश्रण, पुरेसा दाब आणि वेळेवर पडणारी ठिणगी. यांतली कोणती कमी आहे, हे शोधणे म्हणजेच चौकशी. ती फुकटच्या तपासापासून सुरू करावी आणि खर्चाच्या तपासाकडे जावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे गुण कशाने आला ते कळते.

प्रथम साक्षीदाराला बोलू द्यावे. गाडी थंड असताना अडते, की तापल्यावर? चोक ओढल्यावरच चालते का? हँडल वळवले की इंजिनाचा वेग बदलतो का? बदलत असेल तर अ‍ॅक्सिलरेटरची केबल ताणली जात आहे, कार्बुरेटर निर्दोष आहे.

मग पेट्रोल. कॉक उघडा आहे ना, टाकीच्या झाकणाचे बारीक छिद्र बुजलेले नाही ना, हे पाहावे. छिद्र बुजले की टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल उतरणे थांबते. कार्बुरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्यावे. जवळपास विडी-काडी नको. तळाशी पाण्याचा थर दिसला तर गुन्हेगार सापडला. आपल्याकडे चार महिने पाऊस कोसळतो. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते, आणि इथेनॉल पाणी ओढून घेते. पाणी फार झाले की दोघे मिळून तळाशी बसतात. म्हणून गाडी आठवडेच्या आठवडे उभी ठेवायची असेल, तर पावसापासून झाकावी आणि वाटीतले पेट्रोल काढून टाकावे.

त्यानंतर ठिणगी. प्लग काढून आधी त्याचा रंग पाहावा. बदामी असेल तर प्रकृती ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, तेव्हा एअर फिल्टर पाहावा. पांढुरका म्हणजे पेट्रोल कमी. तेलकट काळा म्हणजे रिंगांतून किंवा व्हॉल्व्हच्या बाजूने ऑइल आत येते आहे. पेट्रोलने ओला म्हणजे माल पोहोचला, पण पेटला नाही. मग प्लग पुसून टोपीत बसवावा, त्याचे धातूचे अंग इंजिनाला घट्ट टेकवावे, प्लगच्या भोकापासून दूर धरावे आणि किक मारावी. निळी, कडकडीत ठिणगी हवी. ती पिवळी, मरतुकडी असेल तर टोपी, वायर आणि जुन्या गाडीत पॉइंट तपासावेत. जुन्या बुलेटच्या पॉइंटांतली फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावी. पॉइंटांवरच फटाफट ठिणग्या उडत असतील, तर संशय कंडेन्सरवर घ्यावा.

जुन्या बुलेटला कित्येकदा रोग नसतोच, किक मारणाऱ्याची रीत चुकते. किल्ली लावून डिकॉम्प्रेसरचा खटका दाबावा आणि किक सावकाश खाली न्यावी. अँपिअरचा काटा उणे बाजूकडून मध्यावर आला की थांबावे. खटका सोडावा, किक वर येऊ द्यावी, आणि मग एकच पूर्ण, न थबकता मारलेली किक द्यावी. इथे ताकदीपेक्षा पिस्टनची जागा महत्त्वाची.

दाब पाहायचा तो पायाने. किक दाबताना पायाला तट लागला पाहिजे. ती लोण्यासारखी खाली गेली तर टॅपेट तपासावेत. टॅपेट फार घट्ट असले की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, दाब निसटतो, आणि थंडपणी चालणारी गाडी तापल्यावर हट्ट धरते. रिंगा बदलण्याचा खर्च काढण्यापूर्वी ही बिनखर्ची तपासणी व्हावी.

एवढे निर्दोष ठरले म्हणजे कार्बुरेटरला बोलवावे. चोकवर चालते आणि चोक बंद करताच मरते, याचा अर्थ बहुधा स्लोचा जेट बुजला आहे. त्याचे भोक केसासारखे बारीक असते. त्यात तार घालू नये, नाहीतर ते मोठे होते. हवेने फुंकून काढावे. वेग आपोआप चढत-उतरत असेल, तर कार्बुरेटर आणि हेड यांच्यामधल्या जोडातून हवा शिरते आहे काय, ते पाहावे. जोडावर ब्रशने थोडे ऑइल लावताच आवाज बदलला, तर गळती तिथेच. मग गाडी चांगली तापवून हवेचा स्क्रू फिरवावा. तो हलक्या हाताने पूर्ण आत नेऊन सुमारे दीड फेरा बाहेर घ्यावा, तिथून इंजिन सर्वांत सुरळीत आणि जलद चालेल ती जागा शोधावी, आणि मग स्लोचा स्क्रू उतरवावा. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर आत नेल्याने पेट्रोलचे प्रमाण वाढते, इंजिनाच्या बाजूला असेल तर बहुधा उलट होते, एवढे ध्यानात ठेवावे.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि नव्या गाड्यांतून कार्बुरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्यांत फिरवायला स्क्रू नाहीत, पण चौकशीचा क्रम तोच. किल्ली लावल्यावर टाकीतल्या पंपाचा दोन-तीन सेकंद गुणगुणाट ऐकू आला पाहिजे. तो नसेल, किंवा स्टार्टर कण्हत फिरत असेल, तर आधी बॅटरी आणि तिची टर्मिनले पाहावीत. इंजिनाचा दिवा जळत राहिला तर ज्याच्याकडे तपासणीचे यंत्र आहे त्याच्याकडेच जावे. अंदाजाने सुटे भाग बदलणे इथे फारच महाग पडते.

आता दोन व्यवहाराच्या गोष्टी. मेकॅनिकने तासभर शोध घेऊन फक्त एक जेट फुंकला, तरी त्याचे पैसे आनंदाने द्यावेत. शोध हेही श्रमच आहेत. त्यांचे मोल आपण देत नाही, म्हणून त्याला भाग बदलून पोट भरावे लागते. दुसरे असे की, बदललेला जुना भाग मागून घ्यावा आणि तो का बाद झाला ते विचारावे. एका नाक्यावर उभ्या राहणाऱ्या दहा जणांनी वर्गणी काढून एक पत्र्याची पेटी ठेवावी : प्लगचा पाना, फिलर गेज, दोन स्क्रू ड्रायव्हर, बॅटरी मोजायचा मीटर, एक नवा प्लग आणि एक वही. कोणाच्या गाडीला काय झाले आणि कशाने बरे वाटले, ते वहीत तारखेसह लिहावे. एका पावसाळ्यात ती वही त्या नाक्याच्या चांगली उपयोगी पडेल. आणि ज्यांच्या दिवसाचा हिशेब एका किकवर ठरतो, ते दहा जण एका पेटीभोवती जमू लागले, तर पुढे ते दुरुस्तीच्या खर्चाबद्दलही एकत्र बोलू लागतील.