कालवे जगली, पण पिल्ले कुठे गेली?

पाणी दूषित झाले की मासे मरून तरंगू लागतात, हे चित्र आपल्या परिचयाचे आहे. पण डोळ्यांदेखत काहीच न मरता एखाद्या प्राण्याचा वंश खुंटू लागतो, असेही घडते. फ्रान्सच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील आर्काशाँ उपसागराचे उदाहरण आपण पाहू.

कालवे, तिसऱ्या यांसारखे प्राणी पाणी आत ओढून कल्ल्यांनी गाळतात आणि त्यातील सूक्ष्म शैवाल खातात. पाण्यात विष असेल, तर तेही त्यांच्या शरीरात साठत जाते. आर्काशाँमध्ये पाळली जाणारी कालवाची मादी लाखो अंडी पाण्यात सोडते. त्यांतून निघालेल्या अळ्या दोन-तीन आठवडे तरंगतात आणि मग कठीण पृष्ठभागाला कायमच्या चिकटतात.

१९७७ ते १९८१ या काळात येथे अळ्या थोड्याच दिवसांत वाढ खुंटून मरू लागल्या. मोठी कालवे जिवंत होती. पण त्यांचे शिंपले बेढब व जाड झाले, थरांमध्ये जेलीसारख्या पदार्थाने भरलेले कप्पे तयार झाले. अशी कालवे कोण घेणार? कालवे पाळणाऱ्यांचा धंदा बुडण्याची वेळ आली.

दोष बोटींच्या रंगाचा होता. तळाला शेवाळ व इतर जीव चिकटू नयेत म्हणून त्या रंगात ट्रायब्युटिल टिन हे कथिलाचे संयुग घालत. ते हळूहळू पाण्यात झिरपे. जानेवारी १९८२ मध्ये फ्रान्सने २५ मीटरपेक्षा लहान बोटींवर या रंगास बंदी घातली आणि त्याच वर्षी कालवांची पिल्ले पुन्हा धरू लागली.

इंग्लंडच्या किनाऱ्यावर डॉगव्हेल्क नावाच्या समुद्रगोगलगायीत याच संयुगाने माद्यांना नराचे अवयव फुटत. विकृती वाढली की अंडी बाहेर पडण्याची वाटच बंद होई. विकृतीच्या सुरुवातीला लिटरमागे सुमारे एक नॅनोग्रॅम संयुग पुरते. हे प्रमाण किती अल्प? एक किलोमीटर लांब, तेवढेच रुंद आणि एक मीटर खोल तळे घ्या. त्यात एक ग्रॅम पदार्थ विरघळवला, की हे प्रमाण येते!

२००१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार २००८ पासून जहाजांवरही अशा रंगांना बंदी आहे.

म्हणून पाणी तपासताना किती प्राणी मेले, एवढेच मोजून भागत नाही. त्यांची पिल्ले वाढतात का, हेही आपण पाहिले पाहिजे.