चाकाविना

मडक्याला तोंड असतं, गळा असतो, खांदे असतात, पोट असतं, बूड असतं. हे शब्द आपण इतके सहज वापरतो की त्यांतलं शरीर दिसेनासं झालं आहे. मॅग्डालीन ओडुंडो यांच्या मृत्तिकाशिल्पांपुढे ते पुन्हा दिसू लागतं. भरलेल्या दिवसांच्या बाईसारखं पोट, त्यावर उंच मान, एका बाजूला कललेलं रुंद तोंड. कुठे पाठीच्या मणक्यांसारखे बारीक उंचवटे. बहुतेक शिल्पांना नावही नाही.

ओडुंडो यांचा जन्म 1950 सालचा, नैरोबीचा. शाळेचे सुरुवातीचे दिवस काही केनियात, काही भारतात गेले. त्या 1971 मध्ये इंग्लंडला गेल्या, त्या जाहिरातकलेच्या वाटेनं. मातीशी गाठ पडली केंब्रिजच्या कलाशाळेत. पुढे फार्नहॅमला शिकत असताना ज्येष्ठ कुंभार मायकेल कार्ड्यू यांनी त्यांना नायजेरियातल्या आबुजाच्या कुंभारकाम केंद्रात जायला सुचवलं. हे केंद्र कार्ड्यूंनीच उभारलेलं. तिथे त्यांना मडकी घडवणाऱ्या लादी क्वाली भेटल्या, आणि माझ्या मते ओडुंडोंचं खरं शिक्षण इथे सुरू झालं.

क्वाली ग्वारी समाजाच्या. त्या समाजात भांडी घडवणं हे बायकांचं काम, आणि चाक नाही. चाकावर माती फिरते, कुंभार जागेवर बसतो. इथे भांडं जागेवर राहतं आणि बाई त्याच्याभोवती फिरते. गोळ्यातून भिंत वर ओढायची, तिच्यावर मातीच्या वळ्या चढवायच्या, फिरता फिरता आकार जोखायचा. क्वालींचं चित्र आज नायजेरियाच्या 20 नायराच्या नोटेवर आहे. आपल्याकडे मात्र पुष्कळ ठिकाणी बाईनं चाकाला हात लावायचा नाही, अशी रीत. माती चाळणं, तुडवणं, भांडी वाळत घालणं, रंगवणं एवढं तिच्या वाट्याला. त्या बायकांच्या हातांत काय काय राहून गेलं असेल, हा विचार ओडुंडोंचं काम पाहताना मनातून जात नाही.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधून ओडुंडो 1982 मध्ये बाहेर पडल्या, पण हातांची रीत तीच राहिली. वळ्या रचायच्या, भोपळ्याच्या कवचाच्या तुकड्यानं भिंत खरवडून पातळ करायची. ग्लेझ नाही. अगदी बारीक मातीचा पातळ लेप द्यायचा आणि गुळगुळीत दगडानं घोटत राहायचं. भिंत ओली असेल तर दगड रुततो, फार सुकली तर चकाकी धरत नाही. मधली वेळ बोटांनाच कळते.

मग आग. पहिल्या भाजणीत भट्टीला मोकळी हवा मिळते, मातीतलं लोह तांबडं होतं आणि भांडं नारिंगी-तांबूस निघतं. काळा रंग हवा असेल तर ते दुसऱ्यांदा भाजायचं, या वेळी लाकडाच्या ढलप्यांसह बंद पेटीत, हवा कोंडून. कोंडलेली आग लोहातला ऑक्सिजन ओढून घेते, काजळी रंध्रांत शिरते. वरून कुठलाही रंग दिलेला नसतो.

ही विद्या आपल्यालाही परकी नाही. विदर्भात माहूरझरी, टाकळघाट-खापा इथल्या महापाषाणयुगीन अवशेषांत काळी-तांबडी भांडी सापडली आहेत. आतून आणि काठाशी काळी, खाली बाहेरून तांबडी. भांडं पालथं घालून भाजलं की आतल्या बाजूला हवा मिळत नाही. एकाच आगीत दोन रंग. ओडुंडोंच्या एखाद्या काळ्या शिल्पावर मध्येच तांबडी झाक उमटलेली दिसते, तेव्हा मला ती विदर्भातली खापरं आठवतात.

मान-सन्मान यथावकाश आले. 2019 मध्ये इंग्लंडमधल्या वेकफील्डला त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. तिथे त्यांची शिल्पं जगभरच्या जुन्या-नव्या वस्तूंच्या शेजारी मांडली होती. 2020 मध्ये त्यांना ‘डेम’ हा किताब मिळाला. हे मडकं की शिल्प, हा समीक्षकांचा वाद मात्र मला तोकडा वाटतो. पाणी भरायला कुणी ही भांडी नेणार नाही हे खरं. पण पातळ भिंतीआड कोंडलेल्या हवेनंच त्यांना फुगवटा दिला आहे, आणि हवेला असं सांभाळायला त्या शिकल्या पाणी वाहणारी भांडी घडवणाऱ्या बायकांकडून.

भाजून निघालेला रंग मनासारखा नसेल, तर त्या तेच भांडं पुन्हा आगीत ठेवतात. तडकण्याची जोखीम प्रत्येक खेपेला असते. महिन्यांची मेहनत त्या पातळ भिंतीत असते, तरीही भट्टीचं दार पुन्हा लागतं.