किल्ली कोणाकडे, नाणे कोणाचे?

सराफाकडे दागिने सांभाळायला दिले आणि त्याचे दिवाळे निघाले, तर ते दागिने कोणाचे? त्याच्या देणेकऱ्यांचे की आपले? उत्तर सोपे आहे. पण दागिन्यांच्या जागी क्रिप्टो नाणी असतील तर? याचे उत्तर न्यूझीलंडला शोधावे लागले.

क्राइस्टचर्च शहरात २०१४ मध्ये क्रिप्टोपिया नावाचे एक्स्चेंज सुरू झाले. तिथे शेकडो प्रकारच्या नाण्यांची खरेदी-विक्री होई. जानेवारी २०१९ मध्ये हॅकरांनी तिथून सुमारे ३ कोटी न्यूझीलंड डॉलरची नाणी पळवली आणि मे महिन्यात कंपनी अवसायनात निघाली. मागे उरली सुमारे १७ कोटी डॉलरची नाणी आणि जगभरचे ८ लाखांहून अधिक खातेदार. सगळ्यांची नाणी कंपनीच्याच डिजिटल पाकिटांत एकत्र होती आणि ती पाकिटे उघडणाऱ्या डिजिटल किल्ल्याही कंपनीकडेच होत्या.

देणेकऱ्यांच्या बाजूने सांगितले गेले, की क्रिप्टो म्हणजे नुसती माहिती, तिच्यावर मालकी कसली? न्यायमूर्ती डेव्हिड गेंडॉल यांनी ८ एप्रिल २०२० रोजी ते अमान्य केले. नाणे नेमके ओळखता येते, किल्लीमुळे इतरांपासून राखता येते, दुसऱ्याला देता येते आणि ते टिकते. म्हणून ती मालमत्ताच. कंपनी फक्त विश्वस्त. प्रत्येक प्रकारच्या नाण्याचा विश्वस्तनिधी वेगळा, त्यामुळे एका नाण्यातली चोरी दुसऱ्या नाण्याच्या धारकांच्या माथी मारायची नाही.

हा निकाल प्रूफ ऑफ स्टेकच्या काळात अधिकच मोलाचा वाटतो. ब्लॉकचेन ही असंख्य संगणकांवर एकाच वेळी राहणारी सामाईक खातेवही. तिची आज्ञावली बहुधा मुक्त असते, कोणीही वाचावी, तपासावी. बिटकॉइनमध्ये नवे पान जोडण्यासाठी संगणकांची शर्यत लागते आणि त्यात प्रचंड वीज जाते. पीअरकॉइन या नाण्याने २०१२ मध्ये वेगळी वाट काढली: नोंदी तपासणाऱ्याने स्वतःची नाणी पणाला लावायची. हेच प्रूफ ऑफ स्टेक. इथेरियम ही ब्लॉकचेन १५ सप्टेंबर २०२२ रोजी याच पद्धतीवर आली आणि तिचा वीजवापर ९९ टक्क्यांहून अधिक घटला. तिथे तपासनीस व्हायला किमान ३२ इथर, म्हणजे तिथली नाणी, गुंतवावी लागतात. प्रामाणिक कामाला मोबदला मिळतो, लबाडी केली तर अनामतीचा काही भाग जप्त होतो.

म्हणजे इथे नाणे ही नुसती शिल्लक नाही, वहीच्या खरेखोटेपणात तो आपला आवाज आहे. नाणी एक्स्चेंजकडे ठेवून त्याच्यामार्फत पणाला लावली, की तो आवाजही एक्स्चेंजच्या हाती जातो. मध्यस्थ नको म्हणून जन्मलेल्या तंत्रात आपण पुन्हा मध्यस्थच नेमतो. अशा वेळी विश्वस्ताचा जुना कायदाच सामान्य माणसाच्या पाठीशी उभा राहतो.

आपल्याकडेही हा प्रश्न येऊन ठेपला. मुंबईच्या वझीरएक्स या एक्स्चेंजमधून जुलै २०२४ मध्ये सुमारे २३ कोटी अमेरिकी डॉलरची नाणी चोरीला गेली. चेन्नईच्या एका ग्राहकाची एक्सआरपी नाणी चोरीला गेलेल्या प्रकारातली नव्हती, तरीही अडकली. ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने क्रिप्टो ही मालमत्ता असल्याचे सांगत त्या ग्राहकाला अंतरिम संरक्षण दिले. त्या आदेशात क्रिप्टोपिया निकालाचा आधार आहे.

क्रिप्टोपियाच्या खातेदारांना नाणी परत मिळू लागायला २०२४ चा शेवट उजाडला. न्याय मिळाला, पण त्यासाठी पाच वर्षांहून अधिक काळ गेला. क्रिप्टोपियाच्या अटींतही विश्वस्ताची भाषा होती आणि न्यायालयाने ती लक्षात घेतली. सराफाची पावती आपण डोळ्यांत तेल घालून वाचतो. एक्स्चेंजच्या अटीही तशाच वाचाव्यात: किल्ली कोणाकडे आणि नाणे कोणाचे, हे तिथेच लिहिलेले असते.