स्नायुशिथिलक उतरते कसे?

पोटाच्या शस्त्रक्रियेत रुग्णाला नुसते झोपवून भागत नाही. झोपेतही पोटाचे स्नायू ताठ राहतात. म्हणून भूलतज्ज्ञ स्नायू सैल करणारे वेगळे औषध शिरेतून देतात. दक्षिण अमेरिकेतील आदिवासी बाणांना क्युरारे नावाचे विष लावत, त्याच्या जातीचीच ही औषधे. १९४२ साली माँट्रियल येथे हॅरॉल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी क्युरारे शस्त्रक्रियेत वापरले आणि मग ते तेथे रुळले.

चेतातंतूच्या टोकातून सुटलेला ॲसिटिलकोलीनचा रेणू स्नायूवरील ठराविक जागी बसला की स्नायू आकुंचन पावतो. आपले औषध ती जागाच अडवून धरते. श्वसनाचे स्नायूही त्यातून सुटत नाहीत! औषधाचा अंमल असेपर्यंत रुग्णाला श्वास यंत्राने द्यावा लागतो. तेव्हा अंमल संपतो कसा, हा प्रश्न जिवाशी निगडित आहे.

या रेणूंवर कायमचा धनप्रभार असतो. त्यामुळे ते पाण्यात सहज विरघळतात, पण पेशींच्या स्निग्ध पटलातून पार होत नाहीत. (मेंदूत ते शिरत नाहीत ते यामुळेच, म्हणजे या औषधाने झोप मुळीच येत नाही.) मूत्रपिंडात गाळले गेल्यावर ते रक्तात परत शोषले जात नाहीत, लघवीवाटे निघून जातात. गॅलामीन हे जुने औषध जवळजवळ सगळेच असे जाई. पॅनक्युरोनियमचाही मोठा भाग याच वाटेने जातो.

आता मूत्रपिंडे निकामी झाली आहेत असे समजू. पहिल्या लहान मात्रेनंतर फारसा फरक दिसत नाही, कारण औषध रक्तातून इतर ऊतींत पसरते आणि अंमल ओसरतो. पण ते शरीरातच असते. दुसरी, तिसरी मात्रा दिली की साठा वाढतो. शस्त्रक्रिया संपते, झोप उतरते, आणि स्नायू मात्र हलत नाहीत. रुग्ण जागा आहे पण पुरेसा श्वास घेऊ शकत नाही, अशी ती भयंकर अवस्था.

ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातील जॉन स्टेनलेक यांनी १९७० च्या दशकात यावर जो तोडगा काढला, तो आम्हाला औषध-रसायनातला फार देखणा विचार वाटतो. औषध बाहेर टाकायला अवयव लागूच नये, रेणूनेच मोडावे! एकोणिसाव्या शतकात हॉफमन यांनी शोधलेली विघटनाची अभिक्रिया एरवी तीव्र अल्कली आणि उष्णता मागते. स्टेनलेक यांनी रेणूची रचनाच अशी केली, की ती ३७ अंश सेल्सियस आणि रक्ताच्या ७.४ सामूला (पीएच) होते. हे औषध म्हणजे ॲट्राक्युरियम. रक्तात त्याचे प्रमाण सुमारे वीस मिनिटांत निम्मे होते, मूत्रपिंडे चालोत वा न चालोत. त्याचा काही भाग रक्तातील विकरेही फोडतात.

मग ते कुपीत टिकते कसे? कुपीतले द्रावण आम्लधर्मी ठेवतात आणि कुपी शीतकपाटात. ५ अंशाला ते वर्षाला सुमारे ६ टक्के उतरते, २५ अंशाला महिन्यालाच ५ टक्के. अभिक्रियेच्या वेगावर तापमानाचा परिणाम शिकवताना हे उदाहरण वर्गात सांगण्याजोगे आहे.

सक्सिनिलकोलीन हे औषधही मूत्रपिंडावर अवलंबून नाही. रक्तातील विकर त्याला काही मिनिटांत फोडते. पण ते स्नायूंतून पोटॅशियम बाहेर सोडते, लिटरमागे साधारण अर्धा मिलिमोल. निरोगी माणसाला ते पचते. मूत्रपिंडाच्या रुग्णात पोटॅशियम आधीच वाढलेले असेल, तर मात्र तेवढ्यानेही हृदयाचा ठोका बिघडू शकतो. म्हणून अशा रुग्णाचे पोटॅशियम तपासल्याशिवाय भूलतज्ज्ञ सहसा या औषधाला हात लावत नाहीत.