कावीळ एक, कारणे अनेक

डोळे पिवळे दिसले की आपल्याकडे निदान झालेच म्हणून समजावे! घरातल्या आजीबाईंपासून शेजाऱ्यापर्यंत सारे एकमुखाने सांगतात, 'कावीळ'. आणि तितक्याच खात्रीने कोणी झाडपाल्याचे औषध देणाऱ्याचा पत्ताही सांगतो. परंतु कावीळ हा रोग नव्हे, ती रोगाची खूण होय. घरातून धूर निघताना दिसला, तर आत चूल पेटली आहे की छपराचा वासा, हे आत जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. ज्या रोग्याच्या शरीरात दुसऱ्याच्या मूलपेशींचे रोपण झाले आहे, त्याच्या बाबतीत तर हा भेद ओळखण्यावरच प्राण अवलंबून असतात.

हे रोपण म्हणजे काय? आपले रक्त हाडांच्या पोकळीतील मगजात तयार होते. त्यातील ज्या पेशींपासून रक्तातील सर्व पेशी निर्माण होतात, त्या मूलपेशी. रक्ताचा कर्करोग, थॅलेसीमिया यांसारख्या रोगांत तीव्र औषधांनी, कधी किरणांनी, रोग्याचा जुना मगज मोडून काढतात आणि जुळणाऱ्या दात्याच्या मूलपेशी शिरेतून सोडतात. आपल्या देशात असे रोपण मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ साली झाले.

आता यकृताकडे वळू. रोपणापूर्वीची ती तीव्र औषधे यकृतातूनच जातात. तेथील अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांचे अस्तर त्यांनी पोळते, सुजते. वाट अरुंद होते आणि रक्त मागे तुंबते. या विकाराची ओळख वैद्यकाला रोपणाच्या आधीपासून आहे. जमैका बेटात रानटी पाल्याचा चहा पिणाऱ्या मुलांत तो आढळल्याचे १९५४ साली प्रसिद्ध झाले. पुढे १९७० नंतरच्या दशकात, तेव्हाच्या मध्य प्रदेशातील व आजच्या छत्तीसगडमधील सरगुजा भागात त्याची साथच आली. क्रोटॅलेरिया जातीच्या झुडपांचे विषारी बी तेथील लोकांच्या खाण्यातल्या बारीक धान्यात मिसळले गेले होते. म्हणजे झाडपाला निरुपद्रवीच असतो, हा समज किती पोकळ आहे पहा!

रोपणानंतर हा विकार बहुधा पहिल्या तीन आठवड्यांत दिसतो. यकृत वाढते, उजव्या बरगडीखाली दुखते, पोटात पाणी साठते. मोठ्या माणसात रक्तद्रवातील पित्तरंजक, म्हणजे बिलिरुबिन, शंभर मिलिलिटरला २ मिलिग्रॅमवर जाते. पण डोळे पिवळे होण्यापूर्वीच पुष्कळदा साधा वजनकाटा इशारा देतो. साठ किलोच्या रोग्याचे वजन चार-सहा दिवसांत तीन किलोंनी वाढले, तर 'अंगी लागले' म्हणून आनंद मानू नये. ते मांस नव्हे, पाणी आहे. मुलांमध्ये तर कावीळ न होताही हा विकार होऊ शकतो. म्हणून परिचारिका रोज वजन घेते, तेव्हा ती काही निरर्थक रीत पाळत नसते.

दुसरे कारण याहून निराळे. दात्याच्या पेशी रुजल्या की त्यांतील काही नव्या घराला परके मानतात आणि त्यावरच हल्ला चढवतात. यकृतात त्यांचा रोख पित्ताच्या बारीक नलिकांवर असतो. सहसा जोडीला अंगावर पुरळ आणि जुलाब असतात. तिसरे कारण संसर्ग: शरीराची प्रतिकारशक्ती दबली असता कावीळ-ब चा वर्षानुवर्षे निपचित पडलेला विषाणू जागा होतो, किंवा बुरशी यकृतात घर करते. चौथे कारण म्हणजे खुद्द चालू असलेली औषधे.

येथेच खरी मेख आहे. दात्याच्या पेशींचा हल्ला स्टेरॉइडने आवरतात. परंतु मूळ दुखणे विषाणूचे असेल तर तेच औषध त्याला मोकळे रान देते. रक्तवाहिन्या कोंडल्या असतील तर मीठपाण्याचा तोल सांभाळावा लागतो, आणि विकार तीव्र असल्यास डिफायब्रोटाइड नावाचे औषध देतात. अमेरिकेत त्याला २०१६ मध्ये मान्यता मिळाली. पण त्याने रक्तस्रावाचे भय असते. ते उगाच देऊन चालत नाही.

मग वैद्य करतो काय? प्रथम दिवस मोजतो: रोपणाला किती दिवस झाले? मग वजन, त्वचा, पोट पाहतो. विषाणूसाठी रक्त तपासतो. ध्वनिलहरींच्या यंत्राने यकृतातील रक्ताचा प्रवाह पाहतो. एवढ्यानेही उलगडा न झाल्यास यकृताचा कण काढून तपासतात. प्लेटलेट कमी असल्याने पोटातून सुई घालणे धोक्याचे. म्हणून मानेतील शिरेतून नळी नेऊन यकृत गाठतात. त्याच वाटेने तेथील रक्ताचा दाबही मोजता येतो. एकाच रोग्यात दोन कारणे एकत्र नांदत असण्याचा संभवही तो विसरत नाही.

पुष्कळसे संकट आधीच टाळता येते. रोपणापूर्वी रोगी व दाता या दोघांची कावीळ-ब साठी तपासणी करतात आणि गरज असेल तेथे विषाणूविरोधी औषध सुरू ठेवतात. थॅलेसीमियाच्या मुलांत वारंवार रक्त दिल्याने यकृतात साठलेले लोह रोपणाआधी कमी करतात.

आणि आप्तांचे काम? रोग्याला पूर्वी कावीळ झाली होती का, हे न लपवता सांगावे. घरी आल्यावरही वजन लिहून ठेवावे. प्रेमापोटी चोरून आणलेला काढा मात्र पाजू नये. वैद्य आत जाऊन धूर कुठला ते शोधत असताना, बाहेरून कोणी आणखी एक लाकूड आत सारू नये, एवढेच माझे सांगणे आहे.