काचेतल्या बाळाची सिस्टर

"बाळ काचेत ठेवलंय." वस्तीत ही बातमी आली की सगळी गल्ली हळहळते. आई बाळंतिणीच्या वॉर्डात, बाळ आत आणि आजी बाहेरच्या बाकावर. दार उघडतं, मिटतं, आणि दर वेळी दिसते ती सिस्टर. ती आत काय करते? आपल्या घरातल्या मुलीनं, किंवा मुलानं, बारावीनंतर हे काम करायचं म्हटलं, तर आईवडिलांनी काय सांगावं?

काचेतलं जग

जिल्हा रुग्णालयात या विभागाला एसएनसीयू म्हणतात. मेडिकल कॉलेजात आणि मोठ्या रुग्णालयांत एनआयसीयू असतो, तिथं व्हेंटिलेटरवरची बाळंही ठेवतात. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेली, फार कमी वजनाची, जन्मल्यावर न रडलेली, जंतुसंसर्ग किंवा जास्त कावीळ झालेली बाळं इथं येतात. जन्माचं वजन अडीच किलोपेक्षा कमी असेल तर ते कमी वजनाचं बाळ. इथं तर एक-सव्वा किलोची बाळंही असतात.

अशा बाळाच्या अंगात चरबी नसते, म्हणून ते पटकन गार पडतं. त्याला वॉर्मरखाली ठेवून अंगाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंशांत राखावं लागतं. त्याला दूध ओढता येत नाही. मग आईचं काढलेलं दूध नळीनं, थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी द्यायचं. झोपेत ते मधेच श्वास घ्यायचं थांबतं, मशीन वाजतं. सिस्टर तळव्याला हलकेच चोळते आणि बहुतेक वेळा बाळ पुन्हा श्वास घेतं. नाही घेतला तर पुढचे उपाय तिच्या हाताशी तयार असावे लागतात.

औषधाचा हिशेब वजनावर चालतो. किलोला ५ मिलिग्रॅम औषध असेल तर १.२ किलोच्या बाळाला ६ मिलिग्रॅम. टिंब एक घर चुकलं की ६ चे ६० होतात. म्हणून सिस्टर हिशेब करते आणि दुसरी सिस्टर तो पुन्हा तपासते. ऑक्सिजनचंही तसंच. कमी पडला तर जिवाला धोका आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाला जास्त झाला तर डोळ्यांच्या पडद्याला इजा.

"नर्स म्हणजे रात्रपाळी आणि घाण काढणं," असं कुणी म्हणालं तर त्याला हे सगळं सांगावं.

एका सिस्टरची नजर

इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यात रॉचफर्डच्या रुग्णालयात जीन वॉर्ड नावाच्या सिस्टर अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा विभाग सांभाळत. ऊन असलं की त्या बाळांना अंगणात नेत. १९५६ मध्ये त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवलं. त्याची कातडी फिकट झाली होती, पण चादरीच्या टोकाखाली झाकलेला तुकडा तेवढा पिवळाधमक राहिला होता. प्रकाशानं कावीळ उतरते, हे तिथून लक्षात आलं. डॉक्टरांनी त्यावर अभ्यास करून १९५८ मध्ये तो प्रसिद्ध केला. आज आपली बाळं ज्या निळ्या दिव्याखाली ठेवतात, त्याची सुरुवात ही अशी झाली. (म्हणून घरी उन्हात ठेवून कावीळ उतरवत बसू नका. दिवा मोजून-मापून दिला जातो आणि रक्त तपासावं लागतं.)

या कामाचं मर्म हेच आहे. बाळ बोलत नाही. ते मलूल पडलं, पाय गार लागले, कालपर्यंत पचणारं दूध आज बाहेर आलं, हे आधी दिसतं ते बारा-बारा तास त्याच्याजवळ असणाऱ्या सिस्टरला.

अवघड काय आहे

सगळी बाळं घरी जात नाहीत. नऊ दिवस जिला दूध भरवलं ती दहाव्या दिवशी जाते, आणि तिच्या आईशेजारी सिस्टरच उभी असते. त्या रात्री जेवण जात नाही. रडू येणं हा दोष नाही, पण डोळे पुसून शेजारच्या बाळाकडे वळावं लागतं. रात्रपाळी असते, मंजूर संख्येपेक्षा जास्त बाळं असतात, अनेक जागा कंत्राटी असतात. हे माहीत असूनही मन तिकडे ओढत असेल तर पुढचं वाचा.

वाट कोणती

बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. त्यासाठी बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं. प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या परीक्षेतून होतो. जीएनएम तीन वर्षांचं आहे आणि इतर शाखांची बारावीही त्याला चालते. त्यानंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी करावी लागते. नोंदणी आणि अनुभव झाला की नवजात शिशू परिचर्येची एक वर्षाची पदविका करता येते.

"सहा महिन्यांत नर्स व्हा" असे बोर्ड वस्त्यांच्या तोंडाशी लागलेले असतात. दागिने मोडून तिथं पैसे भरू नका. त्या कागदावर नोंदणी होत नाही. मुलगी सहायक म्हणून राबते आणि नर्सचा पगार तिला कधीच मिळत नाही. फी भरण्याआधी कॉलेजला नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, ते कौन्सिलच्या यादीत पाहा.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना महाडीबीटीवर भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख. सरकारी वसतिगृह मिळालं नाही तर स्वाधार योजनेसाठी अर्ज करता येतो. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर मात्र शिष्यवृत्ती मिळत नाही, एजंट हे सांगत नाहीत. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच करून ठेवा.

शेवटी एक करा. नात्यात, ओळखीत कुणी सिस्टर असेल तर तिला रविवारी चहाला बोलवा आणि मुलीला तिच्याशी एकटीला बोलू द्या. पगार विचारायचाच, पण आणखी एक विचारायला सांगा : "ताई, सगळ्यात वाईट नाईटनंतर तुम्ही दुसऱ्या दिवशी ड्युटीवर कशा गेलात?" तिचं उत्तर ऐकूनही मुलगी म्हणाली, "मला जायचंय," तर तिला अडवू नका.